पूर्ण भूल घेण्याआधी: पेशंटने काय सांगायचं, घरच्यांनी काय सांभाळायचं

सकाळी साडेसहाला सासूबाईंनी थर्मासमधला अर्धा कप चहा माझ्या हातात दिला. "जेवू नका म्हणालेत ना, चहाला काय होतंय? उपासाला चालतोच की," असं मायेनं म्हणाल्या आणि मी तो प्यायले. पित्ताशयातल्या खड्यांचं माझं ऑपरेशन नऊला होतं. पावणेनऊला भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. "शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी खरं ते सांगितलं. त्यांनी तिथूनच सर्जनना फोन लावला आणि माझा नंबर दुपारी दोनवर गेला.

तेव्हा मला फार राग आला होता. अर्ध्या कपासाठी एवढं? पण मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी मला कारण नीट समजावून सांगितलं. ते ऐकल्यावर वाटलं, हे आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर चहाचा कप मी हातातसुद्धा घेतला नसता. पुढे दोन वर्षांनी आईच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा पेशंटच्या नातेवाइकाच्या जागेवरून हे सगळं पुन्हा पाहिलं. त्या दोन्ही वेळी विचारून, समजून घेतलेलं इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या भूलतज्ज्ञांचा, पण त्यांच्याशी काय बोलायचं ते आधी माहीत असलं तर ती भेट खूप उपयोगी पडते.

१. आधी समजून घ्या: पूर्ण भूल म्हणजे काय

भूल तीन प्रकारची असते. दात काढताना देतात तशी तेवढाच भाग बधिर करणारी. सिझेरियनला किंवा हर्नियाला पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात ती. आणि पूर्ण भूल. पूर्ण भुलेत माणूस बेशुद्ध असतो, त्याला दुखत नाही, काही आठवत नाही, आणि बहुतेक मोठ्या ऑपरेशनांत स्नायूही औषधाने सैल केलेले असतात. स्नायू सैल म्हणजे श्वासाचे स्नायूही सैल. म्हणून घशातून श्वासनलिकेत नळी घालतात आणि तेवढा वेळ मशीन श्वास देतं.

झोप आणि भूल यांत हाच मोठा फरक आहे. झोपेत लाळ चुकीच्या मार्गाने गेली तर आपण ठसकून जागे होतो. भुलेत ठसका येत नाही. पोटात चहा, दूध, पोहे काहीही असलं आणि ते वर आलं, तर थेट फुफ्फुसात उतरू शकतं. पोटातलं आम्ल फुफ्फुसात गेलं की जिवावर बेतू शकतं. माझा अर्धा कप चहा नडला तो इथे.

"इंजेक्शन दिलं आणि डॉक्टर निघून गेले" असं मोठ्या भुलेत होत नाही. ऑपरेशन चालू असेपर्यंत भूलतज्ज्ञ तुमच्या डोक्याशी असतात. ईसीजी, रक्तदाब, बोटाला लावलेल्या चिमट्यावर रक्तातला ऑक्सिजन, नळीतून बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, हे सगळं ते सतत पाहत असतात आणि त्याप्रमाणे औषध कमीजास्त करतात. सर्जन कोण हे आपण दहा ठिकाणी चौकशी करून ठरवतो. भूल कोण देणार हे मात्र विचारतही नाही. ते विचारायला हवं.

१६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने इथर हुंगवून शस्त्रक्रिया वेदनेशिवाय होऊ शकते हे सगळ्यांसमोर दाखवलं. त्याआधी चारपाच जण पेशंटला धरून ठेवत आणि सर्जन होईल तेवढी घाई करत. आज इथर मागे पडलं. औषधं आणि यंत्रं इतकी सुधारली आहेत की प्रगत देशांतल्या आकडेवारीनुसार एरवी निरोगी असलेल्या माणसाचा केवळ भुलेमुळे मृत्यू होण्याचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास आहे. वय, हृदयविकार, फुफ्फुसाचे आजार, तातडीचं ऑपरेशन यांनी धोका वाढतो. तुमचा धोका किती, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

२. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी तरी भेटा

मोठ्या हॉस्पिटलात यासाठी वेगळी ओपीडी असते, तिथे "फिटनेस घेऊन या" म्हणून पाठवतात. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, एका सकाळी तीन ठिकाणी जातात, आणि बरेचदा पेशंट त्यांना पहिल्यांदा पाहतो तो ऑपरेशनच्या दारात. असं असेल तर सर्जनना सरळ म्हणा, "भुलेच्या डॉक्टरांशी आधी बोलायचंय, भेट नाही जमली तर फोनवर तरी." मला आजवर कुणी यासाठी नाही म्हटलेलं नाही.

या तपासणीत ते छाती-हृदय तपासतात, रिपोर्ट पाहतात, आणि एक गोष्ट करायला लावतात जी पेशंटला विचित्र वाटते: तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे न्या, हनुवटी वर करा. नळी घालायला जागा किती आहे याचा तो अंदाज असतो. हलणारे दात, कॅप, कवळी हेही तेव्हाच पाहतात.

ही परीक्षा घरीही करून बघता येते. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. माझ्या आईच्या तोंडात दोनसुद्धा कशीबशी जात होती. तिला जेवणानंतर सुपारी लागते, चाळीस वर्षांची सवय. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. गुटखा खाणाऱ्या पंचविशीतल्या पोरांमध्येही हेच होतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी ही तोंडं ओपीडीत रोज दिसतात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आम्हाला वाटायचं, आईला घास लहान लागतो, एवढंच.

भूलतज्ज्ञांनी आईचं तोंड पाहिलं आणि सांगितलं, "इथे नको. हिला नाकातून कॅमेऱ्याची बारीक लवचिक नळी घालून, ती जागी असतानाच घसा बधिर करून श्वासनलिकेत नळी टाकावी लागेल. ते साधन इथे नाही." आम्ही कऱ्हाडहून तिला पुण्याला नेलं. चार दिवस उशीर झाला, धावपळ झाली. पण आई टेबलावर बेशुद्ध पडल्यानंतर हे कळलं असतं तर काय, हा विचार आजही मला नको होतो.

३. लपवू नका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. भूलतज्ज्ञ विचारतात, "काही सवय?" आणि शेजारी सून, जावई, मुलगा उभे असतात. पेशंट मान हलवतो, "नाही." मिश्री लावणारी आजी नाही म्हणते, रोज संध्याकाळी क्वार्टर घेणारे काका "कधीतरी" म्हणतात, सिगारेट ओढणारा मुलगा वडिलांपुढे गप्प राहतो. नातेवाइकांनो, तुम्ही दोन मिनिटं बाहेर जा. आणि पेशंटने म्हणावं, "डॉक्टर, एकट्याशी बोलायचंय." ती माहिती कुणाला चारित्र्याचा दाखला देण्यासाठी नसते, औषधाचं माप ठरवण्यासाठी असते.

रोज पिणाऱ्याला भुलेची औषधं वेगळ्या प्रमाणात लागू शकतात. शिवाय ऑपरेशननंतर दारू अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते औषध देऊन हे टाळतात. माहीत नसेल तर घरचे म्हणत बसतात, "भूल डोक्यात चढली."

सिगारेट-विडी चार आठवडे आधी सोडली तर फुफ्फुसांना आणि जखम भरायला चांगला फायदा होतो. तेवढा वेळ हातात नसेल तरी निदान आदल्या दिवसापासून बंद करा, कारण एका दिवसातही रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि रक्ताला ऑक्सिजन नीट वाहता येतो.

आता बाकीचं सांगायचं ते. यातलं जे लागू असेल ते कागदावर लिहून न्या, कारण ऐन वेळी आठवत नाही:

- आधी कधी भूल घेतली होती का, तेव्हा उलट्या, श्वासाचा त्रास किंवा उशिरा शुद्धीवर येणं असं काही झालं होतं का.
- रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का.
- कुठल्या औषधाची, इंजेक्शनची, रबराच्या हातमोज्यांची किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी.
- दमा, फिट्स, हृदयविकार, स्टेंट, पेसमेकर, मूत्रपिंडाचा आजार, कावीळ.
- जिना चढताना दम लागतो का. दोन मजले न थांबता चढता येतात का, हे ते हमखास विचारतात.
- मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं. झोपेचं मशीन वापरत असाल तर ते सोबत न्या.
- पाळी चुकली असेल, दिवस असण्याची शक्यता असेल तर तेही, न लाजता.
- सर्दी, खोकला, ताप. कालपासून असला तरी सांगा. ऑपरेशन आठ दिवस पुढे जाईल, पण खोकत असताना भूल घेणं बरं नव्हे.

रक्ताच्या नात्याचा प्रश्न लोकांना उगाच वाटतो. तो तसा नाही. काही घराण्यांत भुलेच्या विशिष्ट औषधांनी अंगातलं तापमान धोकादायक वाढतं. तसंच काही जणांच्या रक्तात औषध मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, त्यामुळे स्नायू सैल करणारं एक औषध, जे पाचदहा मिनिटांत उतरायला हवं, ते काही तास उतरत नाही आणि माणसाला मशीनवर ठेवावं लागतं. हा दोष कोमटी म्हणजे आर्य वैश्य समाजात जास्त आढळल्याचं वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. नांदेड-परभणीकडे हा समाज बराच आहे. तेव्हा "आमच्या काकांना ऑपरेशननंतर बराच वेळ श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं" ही घरात सांगितली जाणारी गोष्ट भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. ती औषधं टाळून दुसरी देता येतात.

४. गोळ्या: नावं पाठ नसतील तर पाकिटं घेऊन जा

"बीपीची पांढरी छोटी गोळी" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच तपासणीला न्या. कोणती चालू ठेवायची, कोणती कधी बंद करायची, हे प्रत्येक गोळीपुढे लिहून घ्या. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका आणि शेजारच्यांचं ऐकून काही चालूही ठेवू नका. साधारण चित्र असं असतं:

थायरॉइडची, फिट्सची, दम्याची औषधं आणि बीपीच्या बऱ्याचशा गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा काही बीपीच्या गोळ्या मात्र बरेचदा आदल्या दिवसापासून थांबवतात, कारण भुलेत बीपी फार खाली येऊ शकतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबद्दल सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर या तिघांचं एकमत झाल्याशिवाय हात लावू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने त्या परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं.

मधुमेह असणाऱ्यांनी जास्त लक्ष द्यावं. उपाशी राहून नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर धाडकन खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांनी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. वजन किंवा साखर कमी करायला सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड घेणारे आता आपल्याकडेही वाढलेत. या औषधांनी पोट सावकाश रिकामं होतं, म्हणजे उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं. "ते तर वजनाचं इंजेक्शन आहे, औषध थोडंच" असं समजून सांगायचं राहून जातं.

आणि काढे, चूर्णं, अश्वगंधा, लसणाच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो, काहींनी गुंगी वाढते, बिननावाच्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड निघतं. हीसुद्धा पिशवीत घाला.

५. उपाशी म्हणजे उपास नव्हे

आपल्याकडे घोळ होतो तो शब्दाचा. "उपाशी या" म्हटलं की डोक्यात एकादशी येते: चहा चालतो, दूध चालतं, केळं चालतं, अगदी साबुदाण्याची खिचडीही चालते. ऑपरेशनला यातलं काहीच चालत नाही. जगभर पाळले जाणारे नियम असे:

- तळलेलं, मटण-चिकन, लग्नाच्या पंगतीसारखं जड जेवण: ८ तास किंवा जास्त.
- हलकं खाणं, बिस्कीट, फळ: ६ तास.
- दूध, दुधाचा चहा-कॉफी, ताक: ६ तास. अर्धा कप असला तरी.
- अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचं दूध: ४ तास.
- साधं पाणी: २ तास.

पाण्याची ओळ लोकांना खरी वाटत नाही. बऱ्याच ठिकाणी सरसकट "रात्री बारानंतर काही नाही" सांगतात, आणि नंबर दुपारी असलेला म्हातारा माणूस पंधरा तास कोरड्या घशाने पडून राहतो. म्हणून नेमकं विचारा: "माझा नंबर कितीचा, आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" त्यांनी जी वेळ सांगितली ती पाळा. मधुमेह, गरोदरपण, पोट फुगलेलं असणं अशा कारणांनी तुमच्यासाठी नियम वेगळा असू शकतो.

सापळा आणखी एक आहे, तो प्रसादाचा. ऑपरेशनच्या सकाळी मामा पेढा घेऊन येतात, आत्या तीर्थ घेऊन येते, आणि नाही म्हणवत नाही. आईच्या वेळी मी तो पेढा कागदात गुंडाळून देवाच्या फोटोपुढे ठेवला आणि आत्याला म्हटलं, "शुद्धीवर आली की पहिला हाच देऊ." अंगारा कपाळाला लावा, पोटात काही देऊ नका. तंबाखू, पान, मिश्री, च्युइंगगम हेही नको.

चुकून काही खाल्लं-प्यायलं तर सांगून टाका. ऑपरेशन पुढे जाईल, बोलणी बसतील, बसू द्या. अपघातासारख्या तातडीच्या वेळी पोट भरलेलं असलं तरी भूल द्यावीच लागते, त्यासाठी त्यांची वेगळी पद्धत आहे, पण ती वापरायची हे त्यांना कळण्यासाठीही शेवटचं खाणं कधी झालं ते सांगायला हवं.

६. सोबत काय न्यायचं

कागद एका फाईलमध्ये, तारखेप्रमाणे लावून: जुनी डिस्चार्ज कार्डं, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, सांगितला असेल तर छातीचा एक्स-रे आणि टूडी इको, रक्तगटाचा कागद, चालू औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद ठळक अक्षरात, आधार कार्ड, आरोग्य विम्याचं कार्ड किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होणार असेल तर रेशन कार्ड. योजनेची किंवा विम्याची मंजुरी आधी आली आहे ना, हे आदल्या दिवशी पाहा. भूलतज्ज्ञांची फी बिलात धरली आहे की वेगळी, हेही तेव्हाच विचारा.

वस्तूंमध्ये चष्मा, कानाचं मशीन, कवळीसाठी झाकणाचा डबा, दम्याचा पंप, पुढून उघडणारा सैल गाऊन किंवा शर्ट. आणि रात्री सोबत राहणारं एक जाणतं माणूस, सतरा जण नकोत.

दागिने घरी. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी, कंबरेचा करदोटा, सगळं. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, धातूमुळे तिथे भाजू शकतं. हाताला सूज आली तर अंगठी रुतते. मंगळसूत्र काढायला आईचं मन होत नव्हतं. सिस्टरनी स्वतःहून काळी पोत सुती दोऱ्यात ओवून तिच्या उशाशी बांधली. बोटांवरची मेंदी आणि गडद नेलपॉलिश यांनी ऑक्सिजन मोजणारा चिमटा चुकू शकतो, म्हणून लग्नसराईत ऑपरेशन ठरलं असेल तर बोटांची टोकं कोरी ठेवा. लिपस्टिकही नको, ओठांचा रंग पाहायचा असतो.

७. सही करण्याआधी वाचा

संमतीपत्र मराठीत मागा. ऑपरेशनची आणि भुलेची संमती वेगवेगळी असते. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही पेशंटचीच. आपल्याकडे "तुम्ही पडून राहा, मिस्टरांची घेतो" असं सर्रास होतं.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर निकाल दिला आहे. एका महिलेने भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटलं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती पुरेशी नाही. म्हणून सही करताना विचारून घ्या: नेमकं काय करणार, ऐन वेळी काही वेगळं दिसलं तर काय करणार, आणि त्याला माझी परवानगी यात आहे का.

८. आत गेल्यावर

ऑपरेशन थिएटरमध्ये थंडी असते. हिरवी चादर, डोळ्यांवर मोठा गोल दिवा, छातीवर चिकटवलेल्या गार चकत्या, दंडावर आवळणारा बीपीचा पट्टा. पुन्हा पुन्हा नाव, ऑपरेशन कुठलं, कुठल्या बाजूचं, हे विचारतात. कंटाळू नका, चूक होऊ नये म्हणूनच ते विचारतात. मग तोंडावर मास्क धरून मोठे श्वास घ्यायला लावतात, तो फक्त ऑक्सिजन असतो. मला मास्कखाली गुदमरल्यासारखं झालं, मी तसं सांगितलं आणि त्यांनी तो थोडा वर धरला. सलाईनच्या नळीतून दुधासारखं पांढरं औषध गेलं, मनगटापासून कोपरापर्यंत चरचरलं. मॅडमनी विचारलं, "माहेर कुठलं?" मी "पाटण" म्हणाले, की फक्त "पा" म्हणाले, ते आठवत नाही.

मधेच जाग आली तर, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीत, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला, साधारण १९,००० भुलांमागे एका पेशंटने तशी तक्रार केली होती. कुणाला आधी तसं झालं असेल तर आवर्जून सांगा.

लहान मुलांना बरेचदा सुई न टोचता मास्कमधल्या वासाच्या औषधाने झोपवतात. आईला किंवा वडिलांना आत येऊ देतील का, हे आधी विचारा, आणि मुलाशी खोटं बोलू नका. "काही नाही, नुसता फोटो काढायचाय" म्हणून आत नेलेलं मूल पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवरच रडतं.

९. शुद्धीवर येताना

पहिला आवाज ऐकू येतो तो "डोळे उघडा, मोठा श्वास घ्या." घशात खवखव असते, ती नळीची, एकदोन दिवसांत जाते. हुडहुडी भरते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर माझा उजवा खांदा फार दुखला आणि पोटाचं ऑपरेशन असताना खांदा का, म्हणून मी घाबरले. पोट फुगवायला वापरलेल्या वायूने श्वासाचा पडदा डिवचला जातो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. दोन दिवसांत थांबलं.

साधारण तिघांतल्या एकाला मळमळ किंवा उलटी होते. बायकांना, प्रवासात गाडी लागणाऱ्यांना, आधीच्या भुलेत उलट्या झालेल्यांना जास्त. "मला घाट लागतो" एवढं आधी सांगितलं तरी ते प्रतिबंधाचं औषध देतात. पाणी सिस्टरनी सांगितल्यावरच, आधी घोटभर.

सत्तरीपुढची माणसं कधीकधी एकदोन दिवस बरळतात, घरच्यांना ओळखत नाहीत, सलाईन ओढतात. घरचे हादरतात. बहुतेकांचं हे उतरतं. चष्मा आणि कानाचं मशीन लवकर लावून द्या, उजेडात ठेवा, वार आणि वेळ सांगत राहा, ओळखीचा आवाज जवळ असू द्या. डॉक्टरांना मात्र लगेच सांगा, कारण ऑक्सिजन किंवा साखर कमी होणं, लघवी तुंबणं अशी कारणंही असू शकतात.

१०. घरी आल्यावर, आणि तो एक कागद

त्याच दिवशी सोडलं तरी २४ तास गाडी चालवू नका, गॅसजवळ एकट्याने उभं राहू नका, पैशाच्या किंवा जमिनीच्या कागदांवर सह्या करू नका, दारू नको. आपण ठणठणीत आहोत असं वाटतं, पण औषधाचा अंमल पुरता गेलेला नसतो. अंगावर पाजणाऱ्या आया नीट जाग्या झाल्यावर साधारणपणे बाळाला घेऊ शकतात, तरी विचारून घ्या. दम लागणं, छातीत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी न होणं, ताप, एका पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

डिस्चार्जच्या वेळी भूल कोणत्या प्रकारची दिली आणि त्यात काही अडचण आली का, हे लिहून मागा. पुण्याच्या डॉक्टरांनी आईच्या कार्डावर तांबड्या पेनाने लिहून दिलं: तोंड दोन बोटं उघडतं, नळी नाकातून कॅमेऱ्याने घातली, पुढच्या प्रत्येक वेळी आधी कळवणे. त्या कार्डाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक आईच्या फाईलमध्ये सगळ्यात वर, एक माझ्याकडे, आणि एक तिच्या पर्समध्ये रेशन कार्डाच्या घडीत.